रडू दे त्याला

“आई, दार लाव ना गं,” मी पुन्हा म्हणाले.

आई उंबऱ्यात बसून बाळाला पाजत होती. तिने मान वर करूनही पाहिलं नाही. बाहेर गावचा मुखिया बदलू चौधरी पत्र्याचा डबा बडवत वाटेने धावत होता. धोतराचा काष्टा सुटलेला, आवाज बसलेला. “दोन पळालेत! लाकूडतोड्यांच्या टोळीतून दोन पळालेत! टिंडलला कुऱ्हाडीने तोडलाय! किवाड लावून घ्या सगळे!”

टिंडल म्हणजे कैद्यांवर नेमलेला मुकादम. तोही कैदीच. आदल्या दिवशीच तो आमच्या अंगणात पाणी पिऊन गेला होता.

चौधरी आमच्या घरापाशी थांबला. “द्वारकाबाई, सुभाना कुठाय?”

“हजेरीला गेलेत पलीकडे. उद्या येतील.”

“मग बसलीस काय अशी? लाव दार!”

“लावते,” आई म्हणाली. तो पुढे गेला, आणि आई तशीच बसून राहिली.

आमचं गाव खाडीच्या अगदी आतल्या टोकाला होतं. त्याच्यापुढे गाव नव्हतं, नुसतं जंगल. म्हणून सगळे त्याला आखरी म्हणत. जेलातली वर्षं नीट काढलेल्या कैद्यांना सरकार तिथे जमिनीचा तुकडा देई, लग्न करू देई. माझे आबा साताऱ्याकडचे. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून चुलतभावाचं डोकं फुटलं होतं. हे ते कुणालाही सांगत, तंबाखू मळता मळता सांगत. आई वाईकडची. ती काही सांगत नसे, आणि मी विचारत नसे. अंदमानात जन्मलेल्या आम्हा मुलांना चालायच्या आधी एवढं कळायचं की कोण कशापायी इथे आलं, ते विचारायचं नाही. कचेरीत आम्हाला लोकल-बॉर्न म्हणत. शिक्षा आईबापांची, आम्ही मोकळे. माझं नाव समिंद्रा. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन.

आमचं दार लागत नसे. आबा घरात असले की रात्री कडी पडायची, पण ते नसताना कधीच नाही. पाऊस आत आला, वारा आला, डुक्कर अंगणात शिरलं, तरी दार उघडं. माझी वेणी आई उंबऱ्यात बसून घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. बाळ झाल्यापासून तर ती त्याला घेऊन आत जातच नसे. मला वाटायचं, जेलात राहून हिला कोंडल्यासारखं होत असेल.

“आई, ते इकडे आले तर?”

“तू असं कर,” ती म्हणाली, “पळत जा आणि रहिमनखालाला घेऊन ये. ती आली की लगेच लावू.”

“खाला कशाला? आपण दोघी आहोत ना?”

“समिंद्रा. जा म्हणते ना.”

मी गेले. रहिमनखालाचं घर केळींच्या बागेपलीकडे होतं. वाटेवर माणूस नव्हतं. सगळी दारं लागलेली, कुत्रीसुद्धा आत घेतलेली. पाऊस नुकताच उघडला होता, केळीच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि प्रत्येक थेंबाला मला वाटे, मागे पाऊल वाजलं.

खाला अवधकडची. आई आणि ती बायकांच्या जेलात एका कोठडीत होत्या. बांबूचा खुंट पायात घुसून तिचा तळवा भोपळ्यासारखा सुजला होता. मी हाक मारली तेव्हा ती जमिनीवरून सरकत सरकत दाराशी आली.

“खाला, आई बोलावतेय. तुम्ही आल्याशिवाय ती दार लावत नाही.”

खालाने कपाळावर हात मारला. “या अल्ला! इतकी वर्षं झाली, अजून तेच?” मग ती म्हणाली, “बेटी, मला उभं राहता येत नाही. तू जा. तिला म्हणावं, रहिमन सांगते, लाव दार. कुणी काही विचारणार नाही.”

“कोण काय विचारणार?”

मी जागची हलेना. मला एकटीने परत त्या केळींतून जायचं होतं, आणि कशासाठी ते कळल्याशिवाय माझा पाय उचलत नव्हता.

“ऐक,” खाला शेवटी म्हणाली. “तू काही आता लहान नाहीस. तुझी आई इथे एका पोरापायी आली. तिच्याच. तान्ह्या.”

मी तिच्यासमोर खाली बसले.

“मेलं ते. तिच्या हातून. तू झालीस तेव्हा जेलच्या बाईने तिला सुनावलं होतं, आता या पोराला काही झालं तर दुसरं काळं पाणी नाही, दोरी. तेव्हापासून तिने धास्ती घेतलीय. तुला घेऊन बंद दाराआड एकटी बसली नाही कधी. न्हाऊ घालायची तरी मला समोर बसवून. उद्या काही झालं तर कुणीतरी सांगायला हवं ना, की मी बघत होते, हिने काही केलं नाही.” तिने माझा दंड धरला. “अगं, अशी काय बघतेस? जा आता. पळ.”

खालाने सगळं सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात त्यातलं एकच राहिलं. मेलं ते. तिच्या हातून.

येताना मला जंगलाची भीती वाटली नाही. कुऱ्हाडवाल्यांची वाटली नाही. मला घराची भीती वाटत होती. आईचे हात डोळ्यांसमोरून जाईनात. बारीक, लांब बोटांचे, आबांच्या हातांपेक्षा कितीतरी गोरे. त्या हातांनी ती भाकरी थापायची, माझ्या डोक्यात तेल घालायची. मी चालत होते की पळत होते कोण जाणे. बाळ तिच्यापाशी होतं आणि तिथे कुणीच नव्हतं.

केळींतून बाहेर आले आणि समोर पाहिलं.

आमचं दार लागलेलं होतं.

मी अंगणात उभी राहून कान दिला. बाळाचा आवाज नाही. पाळण्याची दोरी करकरायची, तीही नाही. मी दाराशी गेले. मी तळव्याने दारावर थापा मारायला लागले.

कडी निघाली. दार वीतभर उघडलं, आईच्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला आत ओढलं. दार पुन्हा लागलं.

“आवाज करू नकोस,” ती कुजबुजली. “ते आलेत. मागे, होडीपाशी.”

घरात अंधारल्यासारखं होतं. आमच्या भिंती म्हणजे बांबूचा कूड, वर मातीचा गिलावा. गिलावा पडला तिथे फटी. त्यांतून उजेडाच्या रेघा आत आल्या होत्या. बाळ पाळण्यात होतं. मी धावत जाऊन त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट वरखाली होत होतं. झोपलं होतं ते.

मी मागे वळून पाहिलं. आई पाळण्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली होती. दोन्ही हात तिने काखेत दाबून धरले होते.

“खाला नाही आली?” ओठांनीच तिने विचारलं.

मी मान हलवली.

“मग तू त्याला घे. तू धर. मी इथेच आहे.”

मी बाळाला उचललं. मागच्या फटीतून पाहिलं. आबांनी खाडीत मासे धरायला एका लाकडाची होडी कोरली होती, ती परसाच्या उतारावर पालथी घातलेली असे. दोन माणसं ती सरळ करत होती. एक थोराड, दाढी वाढलेला, कमरेला कुऱ्हाड. दुसरा तरणा, तापाने लटपटणारा, होडीला धरूनच उभा. दोघांच्या घोट्यांवर बेडीचे काळे वळ होते.

“वल्ही नाहीत,” थोराड म्हणाला. ते हिंदुस्थानीत बोलत होते. तिकडे सगळेच तसं बोलतात, मी मराठीत सांगते.

“घरात असतील,” तरणा म्हणाला.

बाळाने अंग ताठ केलं. मी ओळखलं, आता हा उठणार. मी त्याला हलवायला लागले, माझं अंगच कापत होतं, त्यामुळे तो उलट लवकर जागा झाला. आधी कुरकुरला. आईने पुढे येऊन पदर बाजूला केला, घेते म्हणून नव्हे, माझ्याच हातांत असताना त्याला अंगाशी लावून पाहिलं. त्याचं पोट दुखत होतं बहुधा. त्याने तोंड फिरवलं आणि टाहो फोडला.

बाहेरचे आवाज थांबले.

“घरात कोणी आहे,” थोराड म्हणाला. पावलं जवळ आली. अगदी कुडापाशी. एका फटीतली उजेडाची रेघ विझली. “कोण आहे आत? गप्प कर त्या पोराला! चौकीपर्यंत जाईल आवाज!”

बाळ आणखी जोरात रडायला लागलं. मी त्याला छातीशी आवळलं, वरखाली केलं, कानात काहीबाही पुटपुटले. काही उपयोग नाही.

आणि मग मी आईचा हात पाहिला. तो काखेतून बाहेर आला होता. तळवा उघडा, बोटं जुळलेली. तो बाळाच्या तोंडाकडे येत होता. आईचं त्या हाताकडे लक्षच नव्हतं, ती कुडाकडे बघत होती.

मी बाळाला घेऊन मागे सरले. भिंतीला पाठ लागली. “नको!” मी ओरडले.

आईने दचकून माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. तो तसाच हवेत राहिला होता. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाहेरून कूड कुणीतरी लाथेने हादरवत होतं, मातीची ढेकळं आत पडत होती, बाळाचा चेहरा रडून निळसर झाला होता, आणि आई स्वतःच्या हाताकडे बघत होती.

“रहिमनने सांगितलं तुला,” ती म्हणाली.

मी मान डोलावली.

तिने हात खाली घेतला. पदर खोचला. दाराशी गेली, कडी काढली, आणि वळून मला म्हणाली, “मी गेले की आतून लावून घे. आणि त्याला रडू दे. जेवढं रडायचं तेवढं रडू दे.”

मी कडी लावली आणि बाळाला घेऊन फटीपाशी गेले. तो माझ्या कानाशी किंचाळत होता, म्हणून मला बाहेरचं कधी ऐकू येई, कधी नाही. आई घराला वळसा घालून परसात आली. थोराडाने कुऱ्हाड हातात घेतली होती.

“एकटीच आहेस?”

“हो. मुलं आत आहेत.”

“त्याला आधी गप्प कर.”

“नाही करणार.”

त्याला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं.

“ऐकलं मी,” आई म्हणाली. “होडी हवी ना तुम्हाला? घेऊन जा. वल्ही गवताच्या गंजीत आहेत. पडवीत भाताचं मडकं आहे, तेही न्या. कोयता न्या. पण ते मूल रडणार. त्याला गप्प करणार नाही मी.”

“मग मी करतो,” तो म्हणाला आणि दाराकडे निघाला.

आई त्याच्या वाटेत उभी राहिली. ती त्याच्या खांद्याला लागत होती. त्याने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या छातीला लावून तिला ढकललं. ती पडली, उठली, पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मी फटीला डोळा लावून होते. मला वाटलं, आता. आता तो वार करणार. मी डोळे मिटले नाहीत, मिटताच येईनात.

“डोकं फिरलंय का तुझं?” तो खेकसला. “पोलीस आले तर तुलाही सोडणार नाही मी!”

“एक मूल मी गप्प केलंय,” आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. बाळाने दमून जरा वेळ रडणं थांबवलं होतं, म्हणून मला ते स्वच्छ ऐकू आलं.

“विधवा होते मी. गुरांच्या गोठ्यात बाळंत झाले. भिंतीपलीकडे सासरे झोपलेले. ते रडलं. बाहेर ऐकू जाईल म्हणून मी तोंडावर हात ठेवला. थोडाच वेळ ठेवणार होते. सासऱ्यांची चाहूल थांबली की काढणार होते. चाहूल थांबली, हात काढला.” ती थांबली. “तुम्ही कशाला आलात इथे, मी विचारत नाही. मी त्यासाठी आले. आता तुला आत जायचं असेल तर आधी मला मार. त्याशिवाय तुला त्याच्यापर्यंत जाता यायचं नाही.”

बाळ पुन्हा रडायला लागलं. थोराड माणूस तसाच उभा. त्याच्या दाढीवरून घाम गळत होता. त्याने एकदा घराकडे पाहिलं, नेमकं माझ्या फटीकडे. मला वाटलं, त्याला माझा डोळा दिसला.

तरणा होडीला टेकून खाली बसला होता. तो रडक्या आवाजात म्हणाला, “चल ना भाऊ. चल. राहू दे तिला.”

थोराडाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. “कुठली गंजी?” त्याने विचारलं.

आईने बोट दाखवलं.

होडी पाण्यात सरकल्याचा आवाज आला तरी ती परसातच उभी होती. खाडीच्या वळणाआड ते दोघे दिसेनासे झाले, तेव्हा ती घरापाशी आली आणि बाहेरून म्हणाली, “समिंद्रा, मी आहे.”

मी कडी काढली. ती आत येऊन जमिनीवर बसली, पाय पसरून, एखाद्या दमलेल्या गड्यासारखी. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. बाळ अजून रडतच होतं, आता घोगऱ्या आवाजात. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण हात पुढे केले नाहीत.

मी गेले आणि त्याला तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने मला नको म्हणून पाहिलं. मी तिथून उठले आणि चुलीपाशी जाऊन, तिच्याकडे पाठ करून, फुंकणी घेऊन विस्तव फुंकायला लागले. मागे बाळ बराच वेळ रडलं. मग उचक्या द्यायला लागलं. मग चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

ते दोघे चार-पाच दिवसांनी सापडले, एका बेटावर, उपाशी. तरणा तापाने आधीच गेला होता. थोराडाने होडी कुठून आणली ते सांगितलं. मग साहेब आला, सोबत पोलीस, मुन्शी. अंगणात आबांनी आईला हळूच बजावलं, “चोरून नेली म्हन. येवढंच म्हन. चौधरी बी तसंच सांगनार हाय.”

“लपवून काय होतं ते मला माहीत आहे,” आई म्हणाली.

साहेबाने विचारलं, होडी तू दिलीस? ती म्हणाली, दिली. चौकी हाकेवर असताना ओरडली का नाहीस? तिने सांगितलं, मुलं आत होती. मुन्शीने साहेबाला ते इंग्रजीत सांगितलं, साहेबाने मान हलवली, पण हुकूम बदलला नाही. पळणाऱ्यांना मदत केली म्हणून तिला सहा महिने पुन्हा बायकांच्या जेलात धाडलं. बाळ अंगावर पिणारं, ते तिच्याबरोबर जाणार. मी आबांपाशी राहणार.

आम्ही तिला पोचवायला धक्क्यावर गेलो. रहिमनखाला काठी टेकत आली. ती सारखी पोलिसाला म्हणत होती, मला पण ने तिच्याबरोबर, मी बसेन तिच्यापाशी. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, “नको रहिमन. आता नको. मी सांभाळते त्याला.”

आबा खाली मान घालून उभे होते. नावाडी घाई करत होता. आईने बाळाला डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजव्या हाताने माझ्या गालावरची बट मागे सारली. मी त्या सगळ्या दिवसांत तिला काही विचारलं नव्हतं. इथे कुणी विचारत नाही. पण ती नावेत पाय टाकणार तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं.

“आई, ते पहिलं बाळ मुलगा होतं का मुलगी?”

खालाने तोंडावर पदर धरला.

आई एक पाय नावेत, एक धक्क्यावर अशी थांबली. तिचे डोळे भरले नाहीत. उलट, मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी द्यायला सांगितलं असावं आणि ते तिच्यापाशी असावं, तशी ती माझ्याकडे बघत होती.

“मुलगी,” ती म्हणाली. “तुझी थोरली बहीण.”

नाव सुटली. मी आबांच्या शेजारी उभी होते. आखरीत कुणाच्याच पोराला मुलुखातलं कुणी नव्हतं, ना आजी, ना मामा, ना आत्या. आम्ही सगळी इथूनच सुरू झालेली. माझ्या आधी मात्र आता कुणीतरी होतं. बाकीची पोरं केळींच्या कडेला उभी राहून आमच्याकडे बघत होती. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “घाबरलीस व्हय गं?”

“नाही,” मी म्हणाले. “मी धाकटी आहे ना?”

आबांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते तिथेच धक्क्यावर खाली बसले, मीही बसले, आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.